खोटा फुगा

ताई दात बनवायची. शहरातल्या आठ-दहा दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे लॅबमध्ये येत. त्यावर ती मेण चढवायची, दात बसवायची, हिरडीचा रंग जुळवायची आणि शेवटी बारीक चाकावर कवळी घासून गुळगुळीत करायची. सोळा वर्षं ती हेच करत होती. लॅबचे मालक म्हणत, "हिचं नाव कुणाच्या तोंडी नाही, पण काम सगळ्यांच्या तोंडात आहे." ती हसायची, कारण मालक हे दर महिन्याला म्हणत आणि न हसणं बरं दिसत नसे.

भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून घरात सगळेच ताई म्हणू लागले होते. आईसुद्धा. वडील गेल्यावर धाकटा लग्न करून दोन बसथांबे पलीकडे राहायला गेला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आई आणि ताई उरल्या. ताई अडतीस वर्षांची होती, आई त्रेसष्टची.

ताईचं लग्न एकदा ठरलं होतं. नऊ वर्षांपूर्वी. जमिनीची मोजणी करणारा एक शांत माणूस होता, त्याची बदली दूरच्या शहरात झाली होती आणि ताईही त्याच्याबरोबर जाणार होती. लग्नाच्या आठवडाभर आधी आईच्या छातीत दुखू लागलं. ती पलंगावर पडली ती चौदा दिवस उठली नाही. घरच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, विशेष काही नाही म्हणाले आणि दुखणं थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या. लग्न पुढे ढकललं. मग आणखी एकदा ढकललं. मोजणीवाला पाच महिने थांबला, नंतर त्याचे फोन कमी झाले, आणि पुढच्या वर्षी त्याचं लग्न झाल्याचं कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी ताई कामावरून घरी आली तेव्हा आई स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावरची धूळ पुसत होती. ताई खाली उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. त्या क्षणी तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. ती तिने कधीच कुणाला बोलून दाखवली नाही.

त्यामुळे यंदा दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबने तिला मुख्य कारागीर म्हणून बोलावलं, तेव्हा तिने आधी होकार कळवला आणि मग आईला सांगितलं. रविवारी दुपारी जेवताना सांगितलं. पुढच्या सोमवारी निघायचं होतं. आईने ताटातलं संपवलं, हात धुतले आणि विचारलं, "आणि माझं काय?" ताई म्हणाली, धाकटा आहे की.

मंगळवारी सकाळी पावणेआठला आई स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली. छातीत कुणीतरी दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली. जबडाही दुखतोय म्हणाली. कपाळावर घाम होता, पण चुलीपुढून उठलेल्या बाईच्या कपाळावर घाम असतोच. ताई डबा भरत होती. तिने आईकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि तिला वाटलं, रविवारी सांगितलं आणि मंगळवारी सुरू झालं. नऊ वर्षांपूर्वी निदान लग्न आठवड्यावर येईपर्यंत तरी थांबली होती. तिने आम्लपित्ताची गोळी पाण्याबरोबर दिली, आईला पलंगावर बसवलं आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना तिला आई ओकल्याचा आवाज आला. ती क्षणभर थांबली आणि मग उतरून गेली.

संध्याकाळी आई पडून होती. बरं आहे का विचारल्यावर बरं आहे म्हणाली. बुधवारीही पडूनच होती. गुरुवारी उठली, थोडं स्वयंपाकाचं पाहिलं, दोनदा खुर्चीवर टेकली. ताईच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. मात्र तिने त्याचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावला. बॅग भरून होत आली, तरी आपण डगमगत नाही, हे आईला कळलंय आणि म्हणून तिने सोंग आवरतं घेतलंय, असं तिला वाटलं. तिला थोडा विजयही वाटला. ते तिला पुढे सगळ्यात जास्त बोचलं.

रविवारी दुपारी ती ब्लाउजच्या घड्या घालत होती. आई खिडकी लावायला उठली, दोन पावलं चालली आणि खाली बसली. बसली म्हणजे कोसळलीच, पण हळूहळू, भिंतीला पाठ घासत. चेहरा राखेसारखा झाला होता. ताई दारात उभी राहिली. तिच्या हातात घडी घातलेला ब्लाउज होता आणि मनात एकच वाक्य होतं: उद्या निघायचं, आणि आज हे, अगदी वेळेवर. किती वेळ ती तशी उभी होती हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. अर्धं मिनिट असेल, दोन मिनिटं असतील. मग तिला फरशीवरचं ओलं दिसलं. आईची साडी भिजली होती. दिवसातून दोनदा अंघोळ करणारी, पाहुण्यांनी पाय न पुसता आत पाऊल ठेवलं तरी कपाळाला आठ्या घालणारी ही बाई. सोंग करणारी बाई स्वतःचे कपडे भिजवत नाही. ताईच्या हातातून ब्लाउज गळला.

रुग्णवाहिका येईपर्यंत आई शुद्धीवर आली होती. नाडी दोऱ्यासारखी लागत होती. आपत्कालीन विभागात एका तरुण डॉक्टरने पट्टी काढली, ती दुसऱ्याला दाखवली आणि हातात कागद घेऊन आला. हार्ट अटॅक येऊन गेलाय म्हणाला, आजचा नाही, काही दिवसांपूर्वीचा. दुखणं नेमकं कधी सुरू झालं?

तेवढ्यात आईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दोन बोटांनी वर उचलला.

"मंगळवारी," आई म्हणाली. "पण मी कुणाला सांगितलं नाही. मुलीला कशाला घोर लावायचा."

डॉक्टरने लिहून घेतलं. आईने मास्क सोडला आणि ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. अर्ध्या तासाने धाकटा धावतपळत आला आणि त्याने विचारलं, "ताई, तिने तुला काहीच सांगितलं नाही?" तेव्हा ताई म्हणाली, "नाही." म्हणजे पहिलं खोटं आईचं होतं आणि दुसरं तिचं.

छातीवर जेल लावून इको काढला. इको काढणारी मुलगी आधी सहज गप्पा मारत होती, मग एकदम गप्प झाली आणि उठून मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेली. ते पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी दोघा भावंडांना बसवून घेतलं आणि कागदाच्या पाठीमागे हृदय काढून दाखवलं. मंगळवारी मागच्या भिंतीचा एक तुकडा रक्त न मिळाल्यामुळे मेला. मेलेला स्नायू चार-सहा दिवसांत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ होतो. आज तो फाटला.

"हृदय फाटलं?" धाकट्याने विचारलं. हे शब्द त्याने आजवर फक्त दुःखाबद्दल बोलताना वापरले होते.

"भिंतीला भोक पडलं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक वेळा अशा वेळी हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त भरतं आणि माणूस काही मिनिटांत जातो. तुमच्या आईंची पिशवी त्या जागी हृदयाला चिकटलेली होती. म्हणून रक्त तिथल्या तिथे अडकलं आणि त्याचा फुगा झाला." त्यांनी चित्रातल्या हृदयाला एक अरुंद मान काढली आणि तिच्यापुढे एक गोळा काढला. "याला आम्ही खोटा फुगा म्हणतो. खरा फुगा म्हणजे हृदयाचीच भिंत पातळ होऊन बाहेर आलेली असते, तो सहसा फुटत नाही. याला हृदयाची भिंतच नाही. नुसती पिशवी आणि गोठलेलं रक्त. हा केव्हाही फुटेल."

ताईने विचारलं, की मंगळवारीच आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, बंद पडलेली रक्ताची नळी त्याच दिवशी उघडता आली असती, बहुधा हे झालं नसतं. त्यांनी ते काही टोचायला म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. धाकट्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, आई पहिल्यापासून अशीच, सगळं अंगावर काढणार. ताई चित्रातल्या गोळ्याकडे बघत राहिली.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी ठरलं. पाचांतला एक माणूस यातून उठत नाही, हे सर्जनबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं आणि संमतीचा कागद पुढे केला. धाकट्याने तो ताईकडे सरकवला, तिने सही केली. सही करताना तिला वाटलं की पाचांतला तो एक माणूस आई असली तर कुणाला काही कळणार नाही. हा विचार आला आणि गेला. पण आला होता.

सहा तास ती बाकावर बसली. धाकटा येरझाऱ्या घालत होता, भावजय चहा आणत होती आणि चहा गार होत होता. अडीच वाजता सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. भोकावर ठिगळ शिवलं होतं आणि बंद पडलेल्या नळीला दुसरी वाट करून दिली होती. मग त्यांनी विचारलं, की आईंच्या छातीत पूर्वी कधी दुखलं होतं का, बऱ्याच वर्षांपूर्वी?

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, नऊ वर्षांपूर्वी दुखलं होतं. म्हणजे, तशी तिची तक्रार होती.

"तक्रार खरीच असणार," सर्जनबाई म्हणाल्या. "पिशवीला तेव्हा सूज आली असावी. पाठीमागच्या बाजूला सगळं जुनं चिकटलेलं होतं, सोडवताना आमच्या नाकी नऊ आले. पण तेच उपयोगी पडलं. ते दुखणं नसतं झालं तर रविवारी आई घरातच गेल्या असत्या."

धाकटा म्हणाला, बघ, जे होतं ते बऱ्यासाठी होतं. ताई उठून स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. नऊ वर्षं तिने आईच्या हातचं खाल्लं होतं, आजारपणात तिचे पाय चेपले होते, आणि नऊ वर्षं मनातल्या मनात तिला खोटी ठरवलं होतं. त्या एका खात्रीवर ती उभी होती. तिला रडू आलं नाही. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि कुणी फसवलं ते सांगता येईना.

पाचव्या दिवशी आईला साध्या वॉर्डात हलवलं. दुपारी भेटायची वेळ संपत आली होती, शेजारच्या खाटेवरची बाई घोरत होती. ताईने खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं.

"त्या वेळी खरंच दुखलं होतं?"

कोणत्या वेळी, असं आईने विचारलं नाही. ती छताकडे बघत होती.

"दोन दिवस दुखलं," ती म्हणाली. "खूप दुखलं. आडवं झालं की जास्त दुखायचं."

"आणि पुढचे बारा दिवस?"

आईने ओठांवरून जीभ फिरवली. "तू रजा काढली होतीस. माझ्या उशाशी बसायचीस. मला वाटलं, थोडे दिवस. तो थांबेल असं वाटलं होतं मला."

"नाही थांबला."

"हो," आई म्हणाली आणि पाणी मागितलं. ताईने कप तिच्या ओठांना लावला, मान धरली, हनुवटी पुसली. सगळं नीट केलं. आता तिला आईला खोटारडी म्हणता येत नव्हतं आणि खरीही म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या शहरातल्या लॅबने तीन आठवडे वाट पाहिली. नंतर त्यांनी कळवलं की जागा भरली, प्रकृतीची काळजी घ्या. जुन्या मालकांनी तिला परत घेतलं. तिच्या टेबलावर एव्हाना दुसरी बाई बसली होती, म्हणून ताईला खिडकीपासून लांबचं, भट्टीजवळचं टेबल मिळालं. तिथे हिरडीचा रंग नीट दिसत नसे.

घरी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आई उशांना टेकून बसायची आणि सगळं सुरुवातीपासून सांगायची. मंगळवारी कसं दुखलं, पण कुणाला कसं सांगितलं नाही. "हिला परगावी मोठी नोकरी लागली होती ना," ती म्हणायची. "म्हटलं, पोरीच्या वाटेत आपण कशाला यायचं." लोक आईच्या सहनशक्तीचं कौतुक करायचे आणि ताईकडे वळून म्हणायचे, अशी आई मिळायला नशीब लागतं. ताई चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. आई तिच्याकडे बघून हसायची, अगदी प्रेमाने. एकांतात तिने तो विषय कधीच काढला नाही. मला का सोडून गेलीस, असं एकदाही विचारलं नाही. ताई त्या प्रश्नाची रोज वाट बघायची.

दीड महिन्याने मावशी आली, म्हणजे आईची थोरली बहीण. धाकटा आणि भावजयही आले होते. आईने सुरुवात केली. मंगळवारपर्यंत आली, दाराला धरून उभी राहिल्यापर्यंत आली, आणि "पण मी कुणाला" एवढं म्हणाली.

"मला सांगितलं होतं," ताई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. तिने ट्रे टेबलावर ठेवला. "छातीत दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली. मला वाटलं, सोंग करतेय. मी आम्लपित्ताची गोळी दिली आणि कामाला गेले. जिन्यात तिच्या ओकण्याचा आवाज आला, तरी गेले."

मावशीने पदर सारखा केला. भावजय खिडकीबाहेर बघू लागली. शेवटी धाकटा म्हणाला, "हे आत्ता कशाला काढलंस?"

मावशी चहा न घेताच उठली. ताईने धाकट्याला जिन्यापर्यंत सोडलं. तो दोन पायऱ्या उतरून थांबला. आईला वर्षातून चार महिने आपल्याकडे न्यावं असं त्याचं आणि बायकोचं चाललं होतं, असं तो म्हणाला. पण आता त्याला वाटत होतं की ताईनेच बघावं. तिचंही मन जरा हलकं होईल. हे बोलताना त्याचा चेहरा बराच मोकळा दिसत होता. ताईला कळलं, की आपण त्याला एक कारण दिलं आणि त्याने ते पडायच्या आत झेललं.

ती आत आली तेव्हा आई डोळे मिटून बसली होती.

"मी सगळं झाकून ठेवलं होतं," आई म्हणाली. "तुझं नाव कुठे येऊ दिलं नव्हतं."

"माहीत आहे. रोज बघत होते मी."

"मग?"

"रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाच काय ते झालेलं बरं."

"आता लोकांना मी काय सांगू?" आईने विचारलं. आणि ती खरोखरच रडायला लागली. हार्ट अटॅकच्या वेळी रडली नव्हती, छातीचं हाड कापल्यानंतर शुद्धीवर आली तेव्हाही रडली नव्हती. ताई तिच्याजवळ जाऊन बसली नाही. कप गोळा करून विसळायला गेली.

लोक येणं कमी झालं. मावशी आईला फोन करते, ताईने उचलला तर ठेवून देते. सहा महिन्यांनी इको काढला, ठिगळ छान बसलंय म्हणाले. पण छातीत काहीही वाटलं तरी ताबडतोब या, अंगावर काढू नका, असं मोठ्या डॉक्टरांनी आईला बजावलं, आणि मग ताईकडे बघून पुन्हा सांगितलं. कदाचित ते सगळ्याच मुलींना तसं सांगत असतील.

या वर्षभरात दोघी अकरा वेळा दवाखान्यात गेल्या. दोनदा खरंच काहीतरी होतं, औषध बदलावं लागलं. नऊ वेळा काही नव्हतं. आई म्हणते, जरा जड वाटतंय, आणि ताई हातातलं मेण तसंच सोडून येते किंवा डबा अर्धा भरलेला ठेवून चपला घालते. खरंच दुखतंय का, हे ती आता विचारत नाही. तो प्रश्न विचारायचा तिचा हक्क संपला, हे दोघींनाही माहीत आहे.

अकराव्या वेळी मालकांनी एका मोठ्या डॉक्टरांची सहा कवळ्यांची ऑर्डर तिच्यावर सोपवली होती, त्याच दिवशी संपवायची होती. आईने दहाला फोन केला. ताई टॅक्सी करून घरी गेली, तिला घेऊन दवाखान्यात गेली, पट्टी निघेपर्यंत पडद्याबाहेर उभी राहिली. तरुण डॉक्टर नवा होता. त्याने पट्टी उजेडात धरली, हसला आणि म्हणाला, "अगदी ठणठणीत. काळजी करू नका."

आईचा चेहरा थोडा उतरला. ताईने तिच्या ब्लाउजची बटणं लावून दिली. आपल्याला हायसं वाटायला हवं, असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली, पण तसं काही वाटलं नाही. मग तिने औषधांची पिशवी उचलली, आईला हात दिला आणि दोघी लिफ्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.